माल चांगला असला की विकला जातोच?

नमस्कार. झेरॉक्सवरच्या माझ्या लेखावर तुम्ही सविस्तर आणि बऱ्यापैकी चिडून लिहिलंत, म्हणून उत्तरही ऐसपैस देतो. तुमचे आक्षेप दोन. कंपनीच्या नफ्याचं श्रेय मी यंत्र भाड्याने देण्याच्या युक्तीला दिलं, हा शोधकाचा अपमान आहे. माल चांगला असला की तो विकला जातोच. आणि भाड्याचा धंदा म्हणजे पैसेवाल्यांची चैन, तासगावात बेदाणा निवडायचं यंत्र बनवणाऱ्या तुमच्यासारख्याला त्याचा उपयोग शून्य.

पहिला आक्षेप मला मुळीच पटलेला नाही. दुसरा अर्धा पटलाय.

22 ऑक्टोबर 1938 ला न्यूयॉर्कच्या अॅस्टोरिया भागात चेस्टर कार्लसन या शोधकाने आणि त्याच्या मदतनिसाने गंधकाचा थर दिलेला जस्ताचा पत्रा रुमालाने घासून भारला, काचेवर लिहिलेल्या अक्षरांमधून त्यावर उजेड पाडला, पूड भुरभुरली आणि मेणकागदावर तीच अक्षरं उतरवून घेतली. कल्पना म्हणून याला तोड नाही. पण पुढे काय झालं? आयबीएम, कोडॅक, जनरल इलेक्ट्रिक धरून वीसेक कंपन्यांनी त्याला वाटेला लावलं. 1944 मध्ये बॅटेल या संशोधन संस्थेने हात दिला, मग रॉचेस्टरच्या हॅलॉइड नावाच्या, फोटोचा कागद बनवणाऱ्या कंपनीने (हीच पुढे झेरॉक्स झाली) हक्क घेतले. 1949 मध्ये पहिलं यंत्र आलं, तेव्हा एका प्रतीसाठी हाताने 39 क्रिया कराव्या लागत. ऑफिसांत ते चाललं नाही. ऑफसेट छपाईचे मास्टर, म्हणजे ज्यावरून प्रती छापतात ते मूळ साचे, बनवायला उपयोगी पडलं, म्हणून निभावलं. तुमचं ‘विकला जातोच’ या अकरा वर्षांत कुठे बसवायचं?

तुम्ही म्हणाल, 1959 चं ‘914’ हे यंत्र तरी चांगलं होतं ना. होतंच. बटण दाबलं की साध्या कागदावर कोरडी प्रत हातात. पण धूड जवळपास 300 किलोचं, आणि बनवायलाच साधारण 2000 डॉलर लागत. बाजारातली दुसरी यंत्रं 300 डॉलरला मिळत. त्यांना खास कागद लागे, प्रत 10-15 सेंटला पडे, आणि एका यंत्रावर दिवसाला सरासरी 15-20 प्रती निघत. आर्थर डी. लिटल या सल्लागार कंपनीने हे आकडे पाहून 914 ला ऑफिसच्या बाजारात भवितव्य नाही असा निकाल दिला. आज सगळे त्यांना हसतात. मला हसू येत नाही. वीस प्रतींसाठी एवढे पैसे कुठला मॅनेजर मोजेल?

हॅलॉइडने त्याला मोजायला लावलेच नाहीत. महिना 95 डॉलर भाडं, त्यात 2000 प्रती, पुढच्या प्रत्येक प्रतीला 4 सेंट. दुरुस्ती कंपनीची. नको झालं तर 15 दिवसांची नोटीस द्या, यंत्र परत न्या म्हणून सांगा. कारकुनाच्या दृष्टीने प्रत जवळजवळ फुकट झाली, आणि वीस प्रती काढणारी ऑफिसं दिवसाला सरासरी दोन हजारांवर गेली. जरा गुणाकार करा. कामाचे वीस दिवस धरले तर महिन्याला 40,000 प्रती. त्यातल्या 38,000 चे 1520 डॉलर, वर भाडं 95. सव्वा महिन्याच्या आसपास यंत्राचा खर्च वसूल, मग टोनर आणि दुरुस्ती वजा जाता पुढचं सगळं कंपनीचं. यंत्र तेच, कार्लसनचा शोधही तोच. पैसे घ्यायची रीत बदलली तेव्हा गिऱ्हाइकाची सवय बदलली. याने कार्लसनचा अपमान कसा होतो मला कळत नाही. त्या प्रतींच्या मानधनावरच तो गडगंज झाला (आणि बहुतेक पैसा दान करून मोकळा झाला).

आता दुसरा आक्षेप. भांडवल लागतं, खरंय. शेकडो यंत्रं बनवून लोकांच्या ऑफिसात ठेवायची आणि पैसे थेंबाथेंबाने यायची वाट बघायची, याला खिसा लागतो. शिवाय या रीतीचं व्यसनही लागतं. प्रतींचा मीटर पळवणारी मोठी यंत्रं झेरॉक्सला इतकी गोड लागली की छोट्या यंत्रांकडे तिचं दुर्लक्ष झालं. सत्तरच्या दशकात जपान्यांनी लहान, कमी बिघडणारी यंत्रं आणली आणि तो बाजार हिसकावला. हे मागच्या लेखात यायला हवं होतं, असं तुम्ही म्हणालात तर मी भांडणार नाही.

पण तुमच्या यंत्राकडे या. बेदाण्याचा हंगाम दोन-अडीच महिन्यांचा. शेडवाल्याला एकरकमी यंत्र घ्या म्हणालात की तो उरलेले महिने डोळ्यांसमोर आणतो आणि बायका लावून माल निवडून घेतो. त्याच्या डोक्यात निवडणीचा हिशोब किलोचा असतो, तुम्ही त्याच्याशी बोलता लाखांत. दहा शेडांवर यंत्रं फुकट ठेवा असं मी म्हणत नाही, बुडाल. एकच यंत्र गाडीवर चढवा, शेडोशेडी फिरवा आणि किलोमागे दर लावा. वीज त्याची, माणूस तुमचा. माल सौद्याला गेला की पैसे, हेही आधीच ठरवा. नाहीतर उधारी दिवाळीपर्यंत जाते.

तुमच्या प्रतिक्रियेत दोन आकडे नाहीत: यंत्र बनवायला येणारा खर्च, आणि ते तासाला किती किलो निवडतं. शिवाय सध्या निवडणीला किलोमागे किती पडतात तेही कळवा. मग किलोचा दर किती लावायचा ते इथेच मांडून बघू.