चालायचे ना तुमचे अण्णा?

आज संध्याकाळी दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या घेऊन लिफ्टमध्ये शिरले, तर आत आमच्याच बिल्डिंगमधले दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ. (हो, दुसऱ्या मजल्यावरचे. लिफ्टने. रोज.) अण्णांची चौकशी केली, बरं वाटलं. आणि बाहेर पडता पडता म्हणतात, "पण काय हो, तुमचे अण्णा तर रोज तलावावर चालायचे ना? मग न्यूमोनिया कसा काय झाला? शेवटी कशाचा काही उपयोग नसतो बघा." हसले आणि गेले.

मी सहाव्या मजल्यापर्यंत उत्तर शोधत राहिले. ते सुचलं कुकर लावताना. ते इथे लिहितेय, कारण खाली जाऊन बेल दाबून सांगितलं तर भांडण होईल.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अण्णा ७८ वर्षांचे. ठाण्यात वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात टर्नर होते. रिटायर झाले त्याच आठवड्यापासून पहाटे साडेपाचला पाचपाखाडीतून निघायचं आणि कचराळी तलावाला सात फेऱ्या मारायच्या, हा नेम. फेऱ्या मोजायला खिशात सात चिंचोके. एक फेरी झाली की डाव्या खिशातला एक उजव्या खिशात. मोबाईल पावलं मोजतो हे मी एकदा कौतुकाने दाखवलं, तर म्हणाले, "त्याचं चार्जिंग संपतं." इतक्या वर्षांत ते चिंचोके इतके गुळगुळीत झालेत की हातात घेतले तर सुटून पळतात.

जानेवारीत ताप आला, खोकला, आणि तिसऱ्या रात्री ऑक्सिजन ८६. आयसीयूत चार दिवस तोंडावर बायपॅपचा, म्हणजे दाबाने हवा देऊन श्वासाला मदत करणाऱ्या मशीनचा, मास्क. सिस्टरने त्यांच्या वस्तू एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिल्या. चष्मा, घड्याळ, कवळी आणि सात चिंचोके. "हे काय, औषध आहे का?" तिने विचारलं. मला बोलताच येईना.

डॉक्टर राउंडला आले तेव्हा त्यांनी छाती तपासली आणि मग अण्णांची पोटरी दाबून पाहिली. "हे चालणारे दिसतात," म्हणाले. पाचव्या दिवशी वॉर्डात आणल्यावर फिजिओथेरपिस्टने त्यांना उभं केलं. नाकात ऑक्सिजनची नळी, एका बाजूला ती मुलगी, दुसऱ्या बाजूला मी. पलंगापासून दारापर्यंत गेले, परत आले, धापा टाकत बसले आणि म्हणाले, "ही एक फेरी धरायची का?"

तर दुसऱ्या मजल्यावरचे साहेब, हा उपयोग!

चालणाऱ्याला जंतू ओळखून वाट सोडतात असं कोण म्हणालं होतं? आजार येतो. प्रश्न एवढाच की तो येतो तेव्हा अंगात काय शिल्लक असतं. म्हातारं माणूस आठवडाभर अंथरुणावर पडलं की मांड्या डोळ्यांदेखत वाळतात, मग उठवत नाही, मग छातीतला कफ सुटत नाही, मग पुन्हा ताप. हे चक्र आपल्यापैकी किती जणांनी घरात पाहिलंय! ज्याच्या हृदयाला आणि श्वासाच्या स्नायूंना रोज थोडं दमायची सवय आहे, त्याच्याकडे ओढाताणीसाठी काहीतरी राखून ठेवलेलं असतं.

आणि हे फक्त माझ्या अण्णांचं कौतुक नाही. कोविडच्या पहिल्या वर्षात दक्षिण कॅलिफोर्नियातल्या ४८,४४० रुग्णांच्या नोंदी तपासल्या होत्या. आधीची दोन वर्षं जे सतत बैठे होते, त्यांना नियमित व्यायाम करणाऱ्यांच्या तुलनेत अॅडमिट व्हावं लागण्याची शक्यता दुपटीहून जास्त आणि मृत्यूची जवळजवळ अडीच पट निघाली. नियमित म्हणजे किती? आठवड्याला १५० मिनिटं. जिम नको, महागडे बूट नकोत. एवढ्या वेळात आपण सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगवरून भांडतो.

आता कुणीतरी लिहीलच, की मुळात जे धडधाकट असतात तेच चालतात. असेल, थोडं तसंही असेल. ठाण्याची थंडीतली सकाळची हवा, जिकडेतिकडे पाडापाडी आणि सिमेंटची धूळ, हेही मान्य. ताप असताना चालू नये, हेही. आणि चालल्याने लस चुकत नाही. फ्लूची आणि न्यूमोकोकसची (न्यूमोनिया करणारा एक जंतू), दोन्ही अण्णांच्या राहिल्या होत्या. ती चूक माझी.

चूक माझी, हे लिहून झाल्यावर मघाशी मी दहा मिनिटं नुसती बसून होते. कारण लिफ्टमध्ये मला खरं उत्तर सुचलं नाही असं नाही. सुचलं होतं. देववलं नाही.

अण्णा जानेवारीत चालतच नव्हते. जुलैपासून बंद होते. पावसात पेव्हर ब्लॉकवरच्या शेवाळावरून पाय घसरला, गुडघ्याला नुसतं खरचटलं. पण मी घाबरले आणि घाबरले की मी ओरडते. "आता पुरे झालं अण्णा. उद्या हाड मोडलं तर करायचं कोणी? मी नोकरी सोडून बसू?" ते काही बोलले नाहीत. चिंचोके खिशातून काढून टीव्हीशेजारच्या वाटीत ठेवले. दिवाळी झाल्यावर एकदा विचारलं, "आता पाऊस नाही. जाऊ का?" मी डबा भरत होते. न बघताच म्हटलं, "थंडी आहे, छाती भरेल."

छाती भरलीच. घरात, खिडक्या बंद करून, सोफ्यावर बसून भरली.

चालत राहिले असते तरी न्यूमोनिया झाला असता का? कदाचित झाला असता. त्याचा हिशेब मला कधीच लागणार नाही. पण ते ज्याच्या जोरावर परत आले, ती शिदोरी त्यांनी वर्षानुवर्षं तलावाभोवती जमवलेली होती, आणि शेवटचे सहा महिने मी त्यातून नुसतं खर्च करायला लावलं. काळजी म्हणून. आपण सगळे हेच करतो. पिशवी उचलू नका, जिना चढू नका, बाहेर पडू नका, बसून राहा. वर सगळ्यांना सांगतो, आम्ही त्यांना काही म्हणजे काही करू देत नाही!

आणि ती वाटी. ज्या रात्री त्यांना घेऊन गेलो त्या रात्री मी फाइल शोधत होते, नवरा गाडी काढत होता. तेवढ्यात कधीतरी, ८६ ऑक्सिजन असलेल्या त्या माणसाने वाटीतले चिंचोके उचलून खिशात घातले. मला पिशवी मिळेपर्यंत पत्ता नव्हता.

आत्ता साडेनऊ वाजलेत. अण्णा बाहेर पॅसेजमध्ये आहेत. लिफ्टपासून जिन्यापर्यंत आणि परत, ही एक फेरी. दार उघडं ठेवून मी इथून बघतेय. चार चिंचोके उजवीकडे गेलेत, पाचव्या फेरीला भिंतीला हात टेकून थांबलेत. मी उठणार होते, नाही उठले.

"तो खालचा काय म्हणत होता गं?" तिथूनच विचारतायत. मी मघाशी फोनवर बहिणीशी बोलत होते ते ऐकलेलं दिसतंय.

"काही नाही अण्णा. तुमची चौकशी करत होते."

"लिफ्टनेच आला असेल," म्हणाले, आणि निघाले पुढे.