दह्यावर संशय असू द्यावा

पावसाळा सुरू झाला की घरोघरी सर्दी-तापाच्या आरोपींचा शोध सुरू होतो, आणि या कामात आपण मागे राहू नये. दही, केळे, फ्रिजमधले पाणी, डोक्यावरचा पंखा आणि ‘बदललेली हवा’ हे आपले पिढीजात आरोपी असून त्यांच्याविरुद्ध पुराव्याची गरज आजवर कोणालाही भासलेली नाही. फ्लू हा इन्फ्लुएंझाच्या विषाणूमुळे होतो आणि आपल्याच खोकल्या-शिंकांतून दुसऱ्याकडे जातो, असे एखाद्या डॉक्टरांनी सांगितलेच, तर आदराने मान डोलवावी आणि घरी येऊन दह्याचे भांडे फ्रिजमध्ये आणखी मागे सरकवावे.

दह्यावरचा संशय एकदा पक्का झाला की आपण वागायला मोकळे. अंगात कणकण जाणवताच पॅरासिटॅमॉलची गोळी घेऊन नेहमीची लोकल पकडावी. गोळीने ताप उतरतो, विषाणू उतरत नाही; तो कल्याणपासून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपर्यंत आपल्या सोबतीने येतो. लक्षणे दिसण्याच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच ते सात दिवस माणूस इतरांना फ्लू देऊ शकतो, तेव्हा हा अख्खा आठवडा अंथरुणात लोळून वाया घालवणे कर्तव्यदक्ष माणसाला शोभत नाही. कार्यालयात पोहोचल्यावर ‘अंगात ताप आहे, तरी आलो’ हे वाक्य साहेबांच्या कानी पडेल अशा बेताने उच्चारावे. पुढच्या सोमवारी निम्मा विभाग रजेवर गेलेला दिसला, की हल्ली कोणाला कामाची आस्थाच उरलेली नाही, अशी हळहळ व्यक्त करावी. मुलांनाही हेच वळण लावावे. शंभर टक्के हजेरीचे प्रमाणपत्र देणाऱ्या शाळा याबाबतीत पालकांच्या पाठीशी भक्कम उभ्या असतात.

शिंकताना कोपराच्या आतल्या बाजूला तोंड न्यावे, असे सांगतात. यात मोठीच अडचण आहे. कोपराने प्रसाद वाटता येत नाही, त्यामुळे शिंक तिथेच अडकून पडते. म्हणून उजवा तळहात तोंडासमोर धरावा, शिंकावे, आणि त्याच हाताने आरतीचे तबक पुढे करून खिरापतही वाटावी. आपल्याकडे फ्लूचा जोर साधारणपणे जुलै ते सप्टेंबर आणि पुन्हा जानेवारी ते मार्च असा वाढतो, म्हणजे गणपती ऐन हंगामात येतात. दाराची मूठ, लिफ्टचे बटण यांसारख्या कठीण पृष्ठभागांवर हा विषाणू २४ ते ४८ तास टिकू शकतो. तेव्हा दर्शनाला उशिरा येणाऱ्यांनीही निराश होण्याचे कारण नाही. साबणाने २० सेकंद हात चोळत बसणे ही वेळेची नासाडी होय. नाक, चष्मा आणि मोबाइल पुसायला एकच रुमाल पुरतो.

मास्कविषयी पुणेकरांना वेगळे सांगायला नको. ऑगस्ट २००९मध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी तिथेच घेतला, तेव्हा शाळा बंद झाल्या, मास्क मिळेनासे झाले आणि कापूर-वेलचीच्या पुरचुंड्या हुंगल्या जाऊ लागल्या. तो मास्क आता हनुवटीवर विसावला आहे. त्याला तिथून हलवू नये. लस सुचवली गेल्यास ‘मागे एकदा घेतली होती’ असे म्हणावे. विषाणू रूप बदलत राहतो आणि म्हणून ती दरवर्षी घ्यावी लागते, ही त्या विषाणूची चूक आहे, आपली नव्हे. मात्र डॉक्टरांकडून अँटिबायोटिक हट्टाने लिहून घ्यावे. त्याचा विषाणूवर काहीही परिणाम होत नसला, तरी फी वसूल झाल्याचे समाधान लाभते.

एवढे सगळे निष्ठेने पाळल्यावर एखाद्या रात्री घरातल्या मधुमेही आजींना धाप लागून रुग्णालयात न्यावे लागेल. तिथले डॉक्टर विचारतील, ‘घरात आधी कोणाला सर्दी-ताप होता का?’ अशा वेळी गोंधळून जाऊ नये. नाकाला रुमाल लावावा, नीट आठवून पाहावे आणि सांगावे, ‘नाही हो डॉक्टर, पण परवा रात्री त्यांनी दही खाल्लं होतं.’