‘मॅग्नेट पुलर दहा रुपयांत घरीच बनवा’ म्हणे!

तो व्हिडिओ तुमच्या ग्रुपवरही आला असेलच. वर मोठ्या अक्षरात ‘कंपन्यांची लूट बंद’, खाली एका मोटरसायकलचं डाव्या बाजूचं कव्हर उघडलेलं, आत मॅग्नेट (इंजिनच्या क्रँकच्या, म्हणजे मुख्य फिरत्या दांड्याच्या, टोकावर बसणारी चुंबकांची वाटी), आणि एक भाऊ एकापाठोपाठ एक सिक्रेट सांगतोय. भंगारातला नट मॅग्नेटच्या बॉसवर, म्हणजे मधल्या जाड भागावर, सरळ वेल्ड करा, त्यात बोल्ट फिरवा, झाला पुलर, म्हणजे मॅग्नेट ओढून काढायचं अवजार. वेल्डिंग नसेल तर तीन पायांचा बेअरिंग पुलर बाहेरच्या कडेला अडकवा. तरी नाही हललं तर गॅसने तापवा, नाहीतर क्रँकच्या टोकावर दोन दणके द्या. नट सोडताना इंजिन फिरू नये म्हणून प्लगच्या भोकात स्क्रूड्रायव्हर घाला. आणि परत बसवताना ग्रीस लावा म्हणजे पुढच्या वेळी हाताने निघेल.

एरवी मी असल्या गोष्टी बघून सोडून देतो. कोल्हापुरात उद्यमनगरात लेथवर काम करतो, जुगाड मलाही आवडतो, आमचं अर्धं उद्यमनगर जुगाडावरच उभं आहे. पण भाच्याने हा व्हिडिओ मला पाठवला आणि खाली लिहिलं, ‘मामा, रविवारी करतोय, तुमचं वेल्डिंग मशीन न्यायला येऊ का?’ आता गप्प कसं बसायचं.

आधी दोन ओळीत मॅग्नेट का अडकतो ते सांगतो, कारण व्हिडिओवाल्याला तेच माहीत नाही, त्याच्या मते तो ‘गंजून जाम’ झालेला असतो. गंज वगैरे क्वचित. क्रँकचं टोक टेपर, म्हणजे निमुळतं, असतं, मॅग्नेटच्या बॉसमधलं भोकही त्याच टेपरचं, आणि वरून नट आवळला की दोन्ही एकमेकांत घट्ट बसतात. इंजिनचे सगळे झटके तो टेपरच पेलतो. मध्ये जी अर्धचंद्र चावी असते ती फक्त टायमिंगची जागा दाखवायला, जोर घ्यायला नाही. म्हणजे नट काढल्यावरही मॅग्नेट हलत नसेल तर काही बिघडलेलं नाही, तो जसा बसायला पाहिजे तसाच बसलेला आहे.

आता वेल्डिंगवाला मुद्दा. माझं डोकं फिरलं ते इथेच. अहो, बहुतेक गाड्यांच्या मॅग्नेटच्या बॉसला कंपनीने पुलरसाठी आटे आधीच पाडून दिलेले असतात! नट काढला आणि टॉर्च मारून बघितलं की बॉसच्या आतल्या तोंडाला बारीक आटे दिसतात, ते शोभेला नाहीत. काही गाड्यांना बॉसच्या भोवती तीन टॅप केलेली भोकं असतात. आणि हा माणूस त्या तयार आट्यांवर वेल्डिंगचा रॉड चालवून ते कायमचे बुजवतो, आणि वर म्हणतो पुलर बनवला. पुढच्या वेळी काढायचं कसं? परत वेल्ड? दर वेळी बॉसच्या पोलादाला चटका, तिथे ते कडक आणि ठिसूळ होणार, आणि तो गोळा घेऊन मॅग्नेट मिनिटाला सात-आठ हजार फेरे मारणार.

बरं हे झालं मॅग्नेटचं. वेल्डिंगचा करंट कुठून जातो याचा विचार केलाय का कुणी? अर्थचा चिमटा व्हिडिओत चासीला लावलाय. म्हणजे करंट चासीतून इंजिनच्या केसिंगमध्ये, तिथून क्रँकच्या मेन बेअरिंगच्या गोळ्यांमधून क्रँकमध्ये, आणि मग मॅग्नेटवर. बेअरिंगच्या गोळ्या रेसला (बेअरिंगच्या कड्याला) टिंबाएवढ्या जागी टेकलेल्या असतात, मध्ये तेलाची फिल्म, तिथे स्पार्क होऊन बारीक खड्डे पडतात. त्या दिवशी काही कळत नाही, गाडी चालू होते, व्हिडिओ संपतो, लाईक मिळतात. काही महिन्यांनी इंजिनमधून घरघर यायला लागते आणि माणूस तेलाला दोष देतो. शिवाय बॅटरी न काढता गाडीवर वेल्डिंग केलं तर सीडीआय (स्पार्कचा इलेक्ट्रॉनिक डबा) किंवा ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) जायचीच शक्यता. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस ६ नियम आल्यावर बहुतेक गाड्यांना फ्युएल इंजेक्शन आलंय, तो ईसीएम फुकट मिळत नाही. आणि हे सगळं पेट्रोलच्या टाकीपासून हातभर अंतरावर! टाकी काढा असं एक अक्षर व्हिडिओत नाही.

हातोडीबद्दल. छोट्या सिंगल सिलेंडर गाड्यांचा क्रँक एका अखंड तुकड्यातून केलेला नसतो, दोन बाजूचे वेब (जाड चकत्या) मधल्या पिनवर प्रेसने दाबून बसवलेले असतात. टोकावर दणका बसला की ते वेब एकमेकांच्या लाईनीतून केसभर सरकू शकतात, आणि इथे केसभर म्हणजे फार झालं, कारण क्रँकच्या रनआउटची, म्हणजे फिरताना डगमगण्याची, मर्यादा साधारण मिलीमीटरच्या दहाव्या भागाच्या आतबाहेर असते. असे क्रँक आमच्याकडे येतात, व्ही ब्लॉकवर (व्ही आकाराच्या आधारावर) ठेवून मापाचा डायल लावला की काटा नाचतो आणि गिऱ्हाईक म्हणतं ‘काही केलं नाही हो, फक्त मॅग्नेट काढला’. टोकाचे आटे फुलून नट परत न लागणं हे वेगळंच. मॅग्नेटच्या कडेवर मारलं तर आतले चुंबक फेराइटचे, म्हणजे एक प्रकारचं सिरॅमिकच, त्यांना चिरा जातात किंवा चिकटवलेली जागा सोडून ते निघतात, आणि फिरताना सुटलेला तुकडा कॉईलची काय अवस्था करेल ते सांगायला नको. बाहेरच्या बाजूला जे उंचवटे असतात ते पल्सर कॉईलसाठी, त्यावरून इंजिनला स्पार्क कधी द्यायचा ते कळतं, तिथे हातोडी किंवा पाना घालून उचकटायचं म्हणजे कमालच.

यात एक अर्धसत्य आहे, ते मान्य करतो, नाइलाजाने. पुलर नीट लावून, आवळून, पूर्ण ताण आल्यावर पुलरच्या मधल्या बोल्टच्या डोक्यावर हलकी टिचकी मारली तर टेपर ‘टक्’ करून सुटतो. अनेक मिस्त्री असंच करतात. पण तिथे काम ताण करतो, टिचकी फक्त निमित्त. नारळ फोडल्यासारखं मारायचं नाही.

तापवण्याचंही तसंच. बॉस तापला की भोक मोठं होतं हे खरं. किती? २० मिमीचं भोक १०० अंशांनी तापलं तर सुमारे ०.०२४ मिमी. तेवढं पुरतंही कधीकधी, पण बॉस गरम आणि क्रँक गार असेल तरच, आणि व्हिडिओतला हिरो एवढा वेळ ज्योत धरतो की दोन्ही सारखेच तापतात, म्हणजे फायदा शून्य. तोपर्यंत मागचं ऑइल सील, जे साध्या नायट्राइल रबरचं असतं आणि शंभर-सव्वाशे अंशांच्या पुढे टिकत नाही, ते गेलं. फेराइटची ताकद दर अंशाला ०.२ टक्क्याने कमी होते, ती थंड झाल्यावर बरीचशी परत येते, पण ४५० अंशांच्या आसपास गेलं की चुंबकपणाच संपतो. उघड्या ज्योतीखाली काय किती तापलंय ते मोजणार कोण? फारच अडलं तर हॉट एअर गनने फक्त बॉस, तोही पुलर ताणात असताना. ज्योत नाही म्हणजे नाही.

तीन पायांचा पुलर: बऱ्याच मॅग्नेटमध्ये मधला बॉस आणि बाहेरची वाटी हे दोन वेगळे भाग रिव्हेटने जोडलेले असतात. वाटीची कड ओढली तर वाटी वाकते नाहीतर रिव्हेट ढिले होतात, आणि बॉस जिथल्या तिथे. पुढे.

प्लगच्या भोकात स्क्रूड्रायव्हर: पिस्टन ॲल्युमिनियमचा असतो. त्याला खड्डा पाडायचा असेल तर जरूर घाला. जाड नायलॉनची दोरी घालतात ती पद्धत खरी आहे, पण फोर स्ट्रोकमध्ये ती कॉम्प्रेशन स्ट्रोकवर, दोन्ही वाल्व बंद असतानाच, आणि दोरीचं टोक बाहेर ठेवून. त्यापेक्षा सोपं म्हणजे गाडी टॉप गिअरला टाका, एकाने मागचा ब्रेक दाबून धरा, दुसऱ्याने लांब दांड्याने नट सोडा. सुटतो.

ग्रीसचा मुद्दा शेवटी ठेवलाय कारण तो दिसायला सगळ्यात शहाणपणाचा आहे आणि म्हणूनच लोक करणार. इथे माझं ऐकू नका, होंडाच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये फ्लायव्हील, म्हणजे आपला मॅग्नेटच, बसवण्याचं पान उघडा. क्रँकच्या आणि फ्लायव्हीलच्या टेपर भागावरचं तेल पुसून साफ करा, असं स्पष्ट लिहिलेलं असतं. लावा नाही, पुसा. त्याच मॅन्युअलमध्ये रोटर पुलर (रोटर म्हणजेही मॅग्नेटच) हे स्पेशल टूल म्हणून वेगळं नोंदलेलं असतं, ०७७३३ ने सुरू होणारा त्याचा नंबर असतो. ज्यांनी इंजिन बनवलं ते हातोडीचा नंबर देत नाहीत. टेपर कोरडा असला तरच तो पकड धरतो. ग्रीस लावलं की झटक्याला मॅग्नेट क्रँकवर किंचित फिरू शकतो, मग सगळा जोर त्या बिचाऱ्या अर्धचंद्र चावीवर, ती कापली जाते, टायमिंग हलतं, गाडी किक उलटी मारते किंवा चालूच होत नाही. पुढच्या वेळी हाताने निघावं म्हणून ग्रीस, आणि पुढची वेळ पुढच्याच आठवड्यात!

लूट म्हणाल तर साधा मॅग्नेट पुलर दोन-चारशे रुपयांत मिळतो, मुंबईत नागदेवी स्ट्रीटला, पुण्यात जुन्या बाजारात, ऑनलाइनही. फक्त आपल्या मॅग्नेटच्या आट्याचं माप घेऊन जा, व्हर्नियरने व्यास आणि पिच गेजने पिच (दोन आट्यांमधलं अंतर), आणि आटे उलटे आहेत का तेही बघा, काही गाड्यांना उलटे असतात. एवढ्यासाठी कुठल्या कंपनीच्या नावाने शिमगा करायची गरज नाही.

आणि घरी बनवायचाच असेल, हौस असेल, तर बनवा की! मी नाही म्हणत नाही. आतल्या आट्याचा मॅग्नेट असेल तर ईएन ८ पोलादाचा गोल बार घ्या, लेथवाल्याकडून बाहेरून मॅग्नेटच्या मापाचे आटे पाडून घ्या, मधून एम १४ किंवा एम १६ बारीक पिचचा टॅप मारा, त्यात १०.९ ग्रेडचा बोल्ट, टोक गोल घासून ग्रीस लावलेलं (हो, ग्रीस इथे लावायचं). तीन भोकांचा असेल तर दहा मिमीची प्लेट, तीन बोल्ट, मधला एक. एम १६ च्या बोल्टला ५० न्यूटन मीटर पिळ दिला की साधारण दीड टनाची ओढ येते, म्हणूनच पुलरची बॉडी मॅग्नेटच्या आट्यात पूर्ण खोल बसवायची, दोन-तीन आट्यांवर लटकवून ओढलं की ते आटे सोलून हातात येतात. क्रँकचा नट काढून टाकू नका, उलटा करून क्रँकच्या टोकाशी सपाट ठेवता आला तर ठेवा, म्हणजे आटे वाचतात आणि मॅग्नेट सुटला की पायावर पडत नाही.

भाच्याचं म्हणाल तर मी विचारलं, मॅग्नेट काढायचाय कशाला? तर म्हणे बॅटरी चार्ज होत नाही. अरे! आजच्या कितीतरी गाड्यांमध्ये चार्जिंग कॉईल डाव्या कव्हरलाच आतून बसवलेली असते, कव्हर काढलं की कॉईल कव्हरबरोबर हातात येते, मॅग्नेटला हात लावायचंच कारण नाही. त्याचीही तशीच निघाली. मॅग्नेट काढावा लागतो मागचा स्टार्टर क्लच किंवा ऑइल सील बघायला, किंवा ज्या गाड्यांत कॉईल प्लेट मॅग्नेटच्या मागे आहे तिथे. चार्जिंगसाठी आधी मल्टिमीटर लावा, इंजिन थोडं रेस करून बॅटरीवर साडेतेरा ते पंधरा व्होल्टच्या दरम्यान येतंय का बघा, नसेल तर रेग्युलेटरचा (चार्जिंग ताब्यात ठेवणाऱ्या डब्याचा) कपलर, म्हणजे वायरींचा जोड, उघडा, मग कॉईलच्या वायरींचा रेझिस्टन्स. त्याच्या गाडीत कपलरच काळा पडला होता. चिमटीएवढं काम, आणि हा वेल्डिंग मशीन न्यायला निघाला होता.

ज्यांनी व्हिडिओ बघून आधीच बॉसचे आटे सोलले असतील त्यांनी आता तरी हातोडी घेऊ नका. बॉसचा पुढचा चेहरा पुरेसा रुंद असेल तर तिथे समोरासमोर दोन भोकं पाडून एम ६ चा टॅप मारता येतो आणि प्लेट लावून ओढता येतं, पण ड्रिल मागच्या सीलपर्यंत गेलं तर खेळ खलास, म्हणून ड्रिलला खोलीची खूण करून घ्या, आणि ड्रिलचा लोखंडी चुरा मॅग्नेटला चिकटतो म्हणून आधी ग्रीसच्या कापडाने भोवतीची जागा झाका. किंवा गाडी टेम्पोत घालून एखाद्या लेथवाल्याकडे न्या.