टेस्ट पास, ऑर्डर नापास

पुन्हा तेच! लोकल दादरला पोचायच्या आत फोन: आपल्या सॉफ्टवेअरमध्ये ऑर्डर सेव्ह होत नाहीत. ‘टेस्ट पास होत्या ना?’ होत्या! कारण त्या चालतात एसक्यूलाइट या छोट्या, एका फाइलीत मावणाऱ्या डेटाबेसवर आणि खरा डेटाबेस आहे पोस्टग्रेस, वेगळ्या सर्व्हरवर चालणारा. व्हारकॅर 10 च्या, म्हणजे जास्तीत जास्त 10 अक्षरांच्या कॉलममध्ये एसक्यूलाइट 14 अक्षरंही निमूट घेतं, पोस्टग्रेस तिथल्या तिथे एरर देतं. फॉरेन कीसुद्धा, म्हणजे एका टेबलातली नोंद दुसऱ्या टेबलातल्या खऱ्या नोंदीकडेच बोट दाखवते ना हे, एसक्यूलाइट आपणहून तपासत नाही, त्यासाठी प्राग्मा नावाची सेटिंग चालू करावी लागते. कितीदा घसा कोरडा केला: टेस्टसाठी कंटेनरमध्ये, म्हणजे मशीनवरच्या वेगळ्या बंदिस्त कप्प्यात, पोस्टग्रेसच उठवा, प्रत्येक टेस्ट ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे बदलांच्या एका गठ्ठ्यात चालवा, शेवटी रोलबॅक करून ते सगळे बदल मागे घ्या. उत्तर ठरलेलं, ‘वेळ लागतो रे.’ मागच्या वेळी याच भानगडीत माझी शेवटची कर्जत लोकल चुकली, तो वेळ कोणाचा होता?