आत्या, इस्तंबूलला चर्च आहेत

परवा आत्याचा फोन आला. पुढच्या महिन्यात तिची मंडळी तुर्कस्तानच्या सहलीला निघाली आहेत. "तिथे चर्चबिर्च काही उरलं नसेल ना रे? सगळ्यांना बाटवलं म्हणे." हे कुठून आलं ते विचारायची गरजच नव्हती. 'ऑटोमन साम्राज्याचं लपवलेलं सत्य' हा तिथल्या जुन्या तुर्की सुलतानांच्या राज्याबद्दलचा पाच मुद्द्यांचा मजकूर, प्रत्येक मुद्द्यापुढे लाल बोट, घरच्या ग्रुपवर तीनदा येऊन गेला होता. एकदाच काय ते लिहून टाकतो.

मुद्दा पहिला: १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल (म्हणजे आजचं इस्तंबूल) घेतल्यावर सुलतान मेहमेदने 'धर्म बदला नाहीतर मुंडकं द्या' असं फर्मावलं, आणि वर्षभरात शहरात एकही ख्रिस्ती उरला नाही.

२९ मे १४५३ ला शहर पडलं तेव्हा कत्तल झाली, लूट झाली, हजारो माणसं गुलाम झाली, हागिया सोफिया या मुख्य चर्चची मशीद झाली. यातलं काहीच मी नाकारत नाही. पण त्या गुलामांतच गेनाडिओस नावाचा एक ख्रिस्ती साधू होता. मेहमेदने त्याला शोधून आणलं आणि जानेवारी १४५४ मध्ये ऑर्थोडॉक्स चर्चचा मुख्य धर्मगुरू, पॅट्रिआर्क, म्हणून गादीवर बसवलं. प्रेमापोटी नव्हे. गेनाडिओस रोमच्या पोपशी एकी करण्याच्या कट्टर विरोधात होता आणि पश्चिमेच्या ख्रिस्ती राजांशी हातमिळवणी न करणारा असाच माणूस सुलतानाला हवा होता.

'एकही उरला नाही' म्हणणाऱ्यांसाठी आणखी एक. १४७७ मध्ये शहराच्या काजीनेच घरं मोजली. (अशा नोंदवहीला तुर्कीत 'देफ्तेर' म्हणतात, म्हणजे आपलं दफ्तरच.) शहर आणि खाडीपलीकडचा गलाता मिळून मुसलमानांची ९,४८६ घरं, ग्रीक ऑर्थोडॉक्सांची ३,७४३, ज्यूंची १,६४७, शिवाय आर्मेनियन वगैरे. विजयानंतर चोवीस वर्षांनी दर पाच घरांतली दोन बिगरमुस्लिम! त्यातली बरीच तर सुलतानानेच बाहेरून आणून वसवलेली, कारण शहर ओस पडलं होतं. सक्तीने आणली, हेही खरं. हौसेने कोण गाव सोडतं? पण बाटवायचंच होतं तर ख्रिस्ती आणून कशाला बसवायचे?

शिवाय जिझिया. तो बिगरमुस्लिमांकडून यायचा. सगळी प्रजा मुसलमान झाली की खजिन्याला तेवढं भोक. बल्गेरिया जवळजवळ पाचशे वर्षं, १८७८ पर्यंत, ऑटोमनांखाली होता. तिथे आजही बहुसंख्य लोक ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आहेत. इतकी वर्षं तलवार नुसती उगारून धरली होती की काय?

दुसरा मुद्दा, 'राज्य फक्त शरियतवर चाललं'. सोळाव्या शतकातल्या सुलतान सुलेमानला तुर्कीत 'कानुनी' म्हणतात ते उगाच नाही. जमीन, महसूल, शिक्षा यांचे बरेच नियम सुलतानाच्या कानूनने ठरत आणि काजी शरियतबरोबर तेही चालवत. शरियतीत व्याज मना, तरी वक्फची रोकड व्याजाने फिरवायलासुद्धा शेखुल इस्लाम (साम्राज्याचा सर्वोच्च धर्माधिकारी) एबुस्सुऊदने मान्यता दिली होती. त्यावर मौलवींमध्ये जोरदार भांडणं झाली, तो भाग वेगळा.

तिसरा मुद्दा, 'ख्रिस्ती मुलं पळवून सैन्यात घातली'. हा खरा आहे, मान्य करावाच लागेल. देवशिर्मे म्हणत त्याला. बाल्कनच्या खेड्यांतून मुलं उचलायची, मुसलमान करायची, काहींना जॅनिसरी या सुलतानाच्या खास फौजेत आणि काहींना राजवाड्यात शिकवायला पाठवायचं. आईबापांचं काय होत असेल ते होवो. फक्त मजकूर लिहिणाऱ्याच्या एक गोष्ट लक्षात आली नाही. जिझिया देणाऱ्या रयतेची मुलं अशी घेणं शरियतीतच बसत नाही. म्हणजे तिसरा मुद्दा खरा धरला की दुसरा आपोआप पडतो. यातलाच एक मुलगा बोस्नियाच्या सर्ब घरातला. पुढे सोकोल्लू मेहमेद पाशा म्हणून १५६५ ते १५७९ वजीर-ए-आझम, म्हणजे मुख्य वजीर, झाला. त्याआधी, तो नुसता वजीर असताना, १५५७ मध्ये सर्बांचं पेच गावचं (आजच्या कोसोव्होतलं) धर्मपीठ पुन्हा सुरू झालं, आणि त्या गादीवर बसला त्याच्याच नात्यातला ख्रिस्ती धर्मगुरू. असली माणसं लाल बोटाच्या एका ओळीत कशी मावणार?

चौथा, 'लढाया फक्त काफिरांशी'. १५१४ ला इराणचे सफावी राजे, १५१६-१७ ला मामलुक सुलतानांचे दमास्कस आणि कैरो, सगळे मुसलमानच. कलमा सगळ्यांचाच एक.

पाचवा, 'ज्यूंना हाकललं'. उलटं आहे. १४९२ मध्ये हाकललं स्पेनने, ते आले ऑटोमन बंदरांत.

बरोबरीची वागणूक होती असं मी म्हणत नाही. कर वेगळा, कपड्यांवर बंधनं, चर्चच्या घंटेवर बंधनं. प्रजा दुय्यमच होती.

तर आत्या, फेनेर भागात जा. पॅट्रिआर्कची गादी साधारण १६०० पासून तिथेच आहे, आजही. आणि गेनाडिओसच्या काळात ती जिथे हलली, ते पम्माकारिस्तोसचं चर्च सोळाव्या शतकाच्या अखेरीस मशीद झालं. तेही बघ. दोन्ही जवळजवळ आहेत, पण मध्ये चढ आहे. गुडघ्याचा पट्टा विसरू नकोस.