कुत्रा मोकळा सोडणाऱ्याचीच जबाबदारी: एका फिरत्या मजकुराला उत्तर

गेल्या काही आठवड्यांपासून आमच्या भागातल्या गावोगावच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर फिरत आहे. लहान मुलाला कुत्रा चावल्यास कायदा काय म्हणतो, हे सांगण्याचा आव आणणाऱ्या या मजकुरात पाच गोष्टी ठासून मांडल्या आहेत. मूल एकटे बाहेर सोडणारे आईवडीलच चाव्याला जबाबदार असतात. कुत्रा मालकाच्या शेतात किंवा आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या गोठ्याच्या जागी, चावला तर मालकावर काहीही येत नाही. कुत्रा पहिल्यांदाच चावला असेल तर गुन्हा होत नाही. कुत्रा पाळीव आणि लस दिलेला असेल तर मुलाला इंजेक्शनची गरज नाही, दहा दिवस कुत्र्यावर लक्ष ठेवले की पुरे. आणि मोकाट कुत्र्याच्या बाबतीत कोणालाच जबाबदार धरता येत नाही. एवढे सगळे लिहिणाऱ्याचे खाली नाव नाही, कोणत्या कायद्याचे कलम नाही, कोणत्या न्यायालयाचा निकाल नाही.

परभणी जिल्ह्यात राहणाऱ्या माझ्या चुलत बहिणीच्या साडेचार वर्षांच्या मुलाला शेजारच्या आखाड्यावरच्या कुत्र्याने पोटरीला चावा घेतला, आणि त्याच संध्याकाळी कुत्र्याच्या मालकाने हा मजकूर तिच्या नवऱ्याला पाठवला. कुत्रा चावला तेव्हा आखाड्यावर एकही मोठे माणूस नव्हते आणि साखळी खुंट्याला नुसतीच लोंबत होती. मजकूर वाचून घरातल्या वडीलधाऱ्यांनी, भावकीत उगाच वाकडेपणा नको आणि इंजेक्शनची गरजही नाही असे लिहिलेच आहे, असे म्हणत दवाखाना दुसऱ्या दिवसावर ढकलला आणि जखमेला चुना लावून मुलाला झोपवले. सकाळी आरोग्य केंद्रात सिस्टरांनी तो वाळलेला चुना साबणाच्या पाण्याने भिजवून काढला, तेव्हा खाली दातांच्या दोन खोल खुणा दिसल्या. मुलाची लस आता सुरू आहे. पण ती एक रात्र वाया गेली ती या मजकुरामुळे, आणि म्हणून त्याला उत्तर देणे मला भाग आहे.

इंजेक्शनची गरज नाही हा चौथा मुद्दा आधी घेतो, कारण बाकीच्या मुद्द्यांनी माणसाचे पैसे जातील, याने मूल जाईल. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही. वाचवतात ते लक्षणांपूर्वी केलेले उपचार. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला याबाबत निःसंदिग्ध आहे. जखम ताबडतोब साबण आणि भरपूर पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि लस विनाविलंब सुरू करावी. कातडी फाटून रक्त आले असेल, तर लशीसोबत जखमेत आणि तिच्या भोवती इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे विषाणूशी लढणारी तयार प्रतिपिंडेही द्यावीत, कारण लशीने शरीरात प्रतिकारशक्ती तयार व्हायला काही दिवस लागतात आणि तेवढे दिवस विषाणूला जागच्या जागी अडवावे लागते. चुना, हळद, मिरचीपूड, तेल यांपैकी काहीही जखमेवर लावू नये. पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागतात ही भीती अजून अनेक घरांत आहे, पण ती जुनी लस भारतातून केव्हाच बंद झाली. आता सरकारी दवाखान्यात दंडाच्या कातडीत थोडी थोडी लस देतात, पहिल्या डोसनंतर ३, ७ आणि २८ व्या दिवशी पुन्हा बोलावतात, आणि तिचे पैसे पडत नाहीत.

मग दहा दिवसांची गोष्ट आली कोठून? तिच्यात अर्धे सत्य आहे, ते नाइलाजाने मान्य करतो. कुत्र्याच्या लाळेत विषाणू उतरतो तो आजाराच्या शेवटच्या टप्प्यात, आणि त्यानंतर कुत्रा फार दिवस जगत नाही. त्यामुळे चावलेला कुत्रा दहा दिवसांनंतरही जिवंत आणि धडधाकट असेल, तर चाव्याच्या वेळी त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असे म्हणता येते आणि डॉक्टर उरलेले डोस कमी करू शकतात. पण हे दहा दिवस लस सुरू करून मोजायचे असतात, लस थांबवून नव्हे. उपचार कधी आटोपते घ्यायचे यासाठी केलेला नियम या मजकुराने उपचार सुरूच न करण्याचा नियम म्हणून लिहिला आहे. कुत्र्याला लस दिलेली असली तरी मुलाचे उपचार टळत नाहीत, कारण ती लस वेळेवर दिली होती का आणि लागू पडली का, हे चावा पाहून कळत नाही. आमच्या प्रकरणात मालकाने मोठ्या विश्वासाने दाखवलेले कार्ड कुत्रा पिल्लू असतानाचे होते, आणि पुढच्या डोससाठी आखलेले रकाने कोरे होते.

याच दहा दिवसांत मालकाची खरी जबाबदारी असते, आणि तिच्याबद्दल मजकुरात अक्षर नाही. कुत्र्याला बांधून ठेवणे, त्याला खायला-प्यायला घालणे, त्याचे खाणे-वागणे बदलले तर मुलाच्या घरी आणि पशुवैद्यकीय दवाखान्यात लगेच कळवणे, आणि लस दिली नसेल तर तसे खरे सांगणे, हे त्याचे काम आहे. आपल्याकडे मात्र तक्रारीच्या भीतीने लोक कुत्रा मारून टाकतात किंवा मोटारसायकलवर पोत्यात घालून दुसऱ्या गावाच्या शिवारात सोडून येतात. असे केले की डॉक्टरांना कुत्र्यावर लक्ष ठेवण्याचा मार्गच उरत नाही, आणि तो कुत्रा आजारी असेल तर दुसऱ्या गावातल्या मुलांच्या अंगावर जातो.

आता कायदा. मालकावर काहीही येत नाही, हे वाक्य सरळ खोटे आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ नुसार, आपल्या ताब्यातील जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा संभाव्य धोका टाळण्यासाठी पुरेशी खबरदारी जो जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने घेत नाही, त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हे काही नवे नाही. जुन्या भारतीय दंड संहितेत कलम २८९ हेच होते, फक्त दंड एक हजाराचा होता. हा गुन्हा दखलपात्र आहे, म्हणजे ठाण्यात गेल्यावर कोर्टात जा असे सांगून परत पाठवण्याचा हा प्रकार नाही. कलम नीट वाचले तर मजकुरातले दुसरा आणि तिसरा हे दोन्ही मुद्दे त्याच एका वाक्यात गळून पडतात. कलमात जागेचा उल्लेख नाही. कुत्रा रस्त्यावर होता की आखाड्यावर, हे ते विचारत नाही. ते विचारते एवढेच की जनावर कोणाच्या ताब्यात होते आणि त्याने पुरेशी खबरदारी घेतली का. आखाड्यावरून शेतात जाणारी पायवाट रोज सगळे गाव वापरते हे मालकाला ठाऊक असेल आणि तरीही तो कुत्रा मोकळा सोडून बाजाराला जात असेल, तर त्याने खबरदारी घेतली असे कोण म्हणेल? कलमात पहिला चावा आणि दुसरा चावा असाही भेद नाही.

पहिल्या चाव्याची सूट ही कल्पना इंग्रजी न्यायालयांच्या जुन्या विचारातून आली आहे. नुकसानभरपाईच्या दाव्यात पाळीव जनावराचा हिंस्र स्वभाव मालकाला आधी माहीत होता का, हे तेथे पाहिले जात असे, आणि आपल्याकडच्या दिवाणी दाव्यांतही तो युक्तिवाद होऊ शकतो. पण निष्काळजीपणावर आधारलेला दावा त्याने अडत नाही. अल्पवयीन मुलाच्या वतीने आईवडील असा दावा लावू शकतात. हेही मान्य करतो की कलम २९१ प्रत्येक ओरखड्याला लागेल असे नाही, कारण त्यात जिवाच्या आणि गंभीर दुखापतीच्या धोक्याची अट आहे. मात्र कारवान किंवा पश्मीसारखा शिकारी कुत्रा राखणीसाठी ठेवणाऱ्याला, तो लहान मुलावर धावला तर काय होईल, हे कळत नव्हते असे म्हणण्याची सोय नाही.

आईवडिलांवर ठपका ठेवणारा पहिला मुद्दा मला सर्वांत संतापजनक वाटतो. पोराने कुत्र्याला दगड मारला असेल, असे लगेच कोणीतरी म्हणतेच. सात वर्षांखालील मुलाची कोणतीही कृती गुन्हा ठरत नाही, असे त्याच न्याय संहितेचे कलम २० सांगते. ज्या वयाला कायदा समज असल्याचेच मानत नाही, त्या वयाच्या मुलाकडून कुत्र्याचा स्वभाव ओळखण्याची अपेक्षा कशी करायची? मुलांकडे लक्ष ठेवावे, हे कोणाला सांगायला नको. पण कापूस वेचणीच्या दिवसांत दोघेही रानात असतात आणि मूल आजीजवळ किंवा थोरल्या बहिणीजवळ असते. बीड भागात तर ऊसतोडीला गेलेल्या आईवडिलांची मुले सहा-सहा महिने आजीआजोबांकडे राहतात. त्या घरांनी अंगणाबाहेर पाऊल टाकू नये आणि कुत्रेवाल्याने मात्र साखळीसुद्धा लावू नये, हा कोणता न्याय? मुलाला चोवीस तास बांधून ठेवता येत नाही, कुत्र्याला मात्र आवरता येते, आणि ते करणे ज्याच्या हातात आहे त्याचीच जबाबदारी.

मोकाट कुत्र्यांचा मुद्दा थोडक्यात. प्राणी जन्म नियंत्रण नियम, २०२३ प्रमाणे मोकाट कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण हे स्थानिक संस्थेचे काम आहे. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दाताच्या प्रत्येक खुणेसाठी किमान १० हजार रुपये भरपाई ठरवली आणि ती देण्याची प्राथमिक जबाबदारी राज्यावर टाकली. तो निकाल महाराष्ट्रावर बंधनकारक नाही, पण येथील न्यायालयापुढे दाखवता येतो. सर्वोच्च न्यायालयाने ७ नोव्हेंबर २०२५ रोजी शाळा, रुग्णालये, बसस्थानके आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातून मोकाट कुत्रे हटवण्याचा आणि ते पुन्हा तेथे न सोडण्याचा आदेश दिला, तेव्हा जिल्हा परिषदेच्या शाळेच्या आवारात कुत्र्यांचा वावर असेल तर त्या आदेशाचा हवाला देऊन लेखी अर्ज करता येतो.

तक्रार मालकाविरुद्ध असो की नगरपालिकेविरुद्ध, ती उभी राहते कागदावर. म्हणून पहिल्याच दिवशी दवाखान्यात केसपेपर काढावा, त्यावर चाव्याची तारीख, वेळ, ठिकाण, जखमेचे वर्णन आणि कुत्रा कोणाचा हे लिहून घ्यावे, जखम धुतल्यावर तिचा फोटो काढावा, आणि ठाण्यात दिलेल्या अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्यावी.