टेस्ट रिपोर्टवर सही का केली नाही

नमस्कार ताई,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की वायरिंग पूर्ण झालं होतं, मीटरसाठी टेस्ट रिपोर्टवर फक्त सही-शिक्का हवा होता आणि आम्ही वायरिंगच्या ठेकेदारीच्या परवान्याच्या जोरावर तुम्हाला अडवून धरलं. वास्तुशांतीची तारीख तोंडावर असताना मीटर रखडलं की कोणीही वैतागेल. पण तुमचा रिव्ह्यू वाचून उद्या आणखी कोणी नुसती सही शोधत फिरू नये, म्हणून इथेच सविस्तर लिहितो.

त्या सहीचा अर्थ असा की हे काम परवानाधारक ठेकेदाराने घेतलं, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या सुपरवायझरच्या देखरेखीखाली परवानाधारक वायरमनने केलं आणि ते तपासलं गेलं. १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांत ४५ व्या नियमात ही अट होती, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांतही ती होती आणि त्यांच्या जागी आलेल्या २०२३ च्या विनियमांतही आहे. बल्ब, पंखा, फ्यूज, स्विच बदलायला परवाना लागत नाही. अख्ख्या घराच्या वायरिंगला लागतो. तुमच्याकडे काम करणाऱ्यांकडे परवाना नव्हता, हे तुम्हीच सांगितलंत. उद्या अपघात झाला तर विद्युत निरीक्षकांच्या चौकशीत सही करणाऱ्यालाच उत्तर द्यावं लागतं, आणि ते द्यायलाच हवं.

तरी आम्ही घरी येऊन पाहिलं. मेन बंद करून मेगर, म्हणजे वायरींचं इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावला. ५०० व्होल्टला कमीत कमी १ मेगाओहम यायला हवा. किचनच्या सर्किटला काटा शून्याजवळून हललाच नाही, म्हणजे तिथलं इन्सुलेशन खराब. मग बाथरूममधला गीझरचा बोर्ड उघडला. हिरवी वायर होती, पण मागे कापून दुमडून ठेवलेली, अर्थिंगला जोडलेलीच नव्हती. तुमचे मिस्टर टॉर्च धरून शेजारीच उभे होते. गीझरचं एलिमेंट फुटून करंट बॉडीवर आला, तर ओल्या हाताने नळ धरणाऱ्या माणसाच्या अंगातूनच तो जमिनीत जाणार. डीबीत, म्हणजे मेनच्या पेटीत, एमसीबी (आपोआप पडणारे स्विच) आहेत, पण ते ओव्हरलोडला आणि शॉर्टसर्किटला पडतात. माणसाला मारणारी एवढीशी गळती त्यांना कळत नाही. त्यासाठी गळती होताच वीज तोडणारी ३० मिलिअँपियरची आरसीसीबी लागते, ती नव्हती.

"भिंती फोडायला सांगून बिल वाढवतात" हे मात्र खरं नाही. किचनच्या वायरी त्याच पाइपातून ओढून बदलायच्या, गीझरला अर्थ वायर न्यायची आणि डीबीत आरसीसीबी बसवायची, एवढंच सांगितलं होतं. टाइल्सला हातही लागणार नव्हता.

दुसऱ्या कोणी घर न बघता एका दिवसात सही करून दिली, असंही तुम्ही लिहिलंय. मला खरी काळजी त्याचीच वाटते. मीटर बसलं असेल, पण ती हिरवी वायर अजून तशीच दुमडलेली असणार.

कृपया दुरुस्ती होईपर्यंत गीझर वापरू नका. काम आमच्याकडूनच करून घ्या असं अजिबात नाही. ज्याला बोलवाल त्याचा परवाना आणि त्याची मुदत बघा, मेगरचं रीडिंग तुमच्यासमोर कागदावर लिहून घ्या. आम्ही घेतलेली रीडिंग फाइलला आहेत, मिस्टरांच्या व्हॉट्सअॅपवर आजच पाठवतो. त्यांचे पैसे नाहीत.